मी क्लासात बसले ते तुझ्यामुळं

ती. तातेरावदादास,

धाकट्या बहिणीचा, दैवशालाचा नमस्कार. पायावर डोकं ठेवलं असं समज. (कंबर धरलीय, समोर असतास तरी वाकता आलं नसतं.) तुझी साखर उतरली का, वहिनीचा गुडघा कसा हाये, ते कळव. इथं सगळे ठीक. मायना मानाचा टाकलाय, खाली आता तू म्हणते. फोनच केला असता, पण फोनवर तू मधी बोलतो. कागदाला ती खोड न्हाई.

तू सतरा तारखेला तुझ्या सुमितसाठी सुपारी फोडायला येतो म्हणला, त्याचं पुढं लिहिते. आधी क्लासाचं ऐक. आपल्या तृप्तीचं नर्सिंग झालं, मंग तिनं गिरणीच्या माडीवर इंग्रजीचा क्लास लावला. तर तूच फोन केल्ता की मास्तर कोण हाये, सोबत पोरं कोण हायेत, तू जाऊन बस, लक्ष ठेव. (माझ्या घरी जसं काही काम नसतं.) गेले. मास्तर न्हाई, भावना मॅडम हायेत. पोरी बारा हायेत आन् गडीमाणूस म्हणावा तर खाली गिरणीवाला, त्याला तीन नातवंडं हायेत. मी चौथी शिकलेली, वाटलं कोपऱ्यात बसून लसूण सोलीन. पण मॅडमचं म्हणणं, इथं रिकामं कोणी बसायचं न्हाई. ज्याला इंग्रजी येत न्हाई त्यानं मराठीत वाक्य द्यायचं, पोरी त्याचं इंग्रजी करतील.

पुस्तकातली वाक्यं तर अशी की राम आंबा खातो, रामानं आंबा खाल्ला, राम आंबा खात असेल. आठ दिवस तो एकच आंबा खाऊन राह्यला. मला दम निघंना. म्हणलं खरं काहीतरी घ्या, आन् तुझ्या दाजींची फटफटी दिली. तुला माहीत हाये, तीन वर्षं झाली ती गोठ्यात उभी हाये, सीटवर कोंबडी अंडी घालते. मंग काय, पोरींनी ती सगळ्या काळांत फिरवली. दाजी गाडी दुरुस्त करणार हायेत, करणार होते, करत असतील, करायला पाहिजे, करता आली असती. एक 'दुरुस्त केली' तेवढं वाक्य मी दिलं न्हाई, खोटं शिकवायचं न्हाई म्हणून. पुढं आठवडी बाजारात चार पोरींनी त्यांना गाठलं आन् इंग्रजीत विचारलं की काका, गाडी कधी होणार. ह्यांना वाटलं पोरी मान देऊन राह्यल्या. दोनदा येस येस म्हणले आन् मेथीची जुडी तिथंच विसरून आले.

मंग आलं जर-तर. मॅडम म्हणल्या, जे झालं न्हाई त्याचं वाक्य द्या. सगळ्या पोरी पेन चावत बसल्या. मला घरी जायची जल्दी, भाकरी टाकायच्या होत्या, तोंडाला आलं ते बोलून गेले. "बारशात मी दादाला जबान दिली नसती, तर माझी तृप्ती कुठंतरी नोकरीच्या मुलाखतीला गेली असती."

आन् नंबर नेमका तृप्तीचा. तिनं उठून फळ्यावर इंग्रजी लिहिलं. मॅडम म्हणल्या बिलकुल बराबर. घरी आलो तर पोरगी दारात चप्पल काढताना म्हणली, "आई, मुलाखत अजून झाली न्हाई. संभाजीनगरला हाये, सतराला."

मला ठाऊक नव्हतं, दादा. तू सुपारीची तारीख कळवली त्याच्या आधीच तिला दवाखान्याचं बोलावणं आल्तं. ते तिनं पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं आन् रोज क्लासाला जाऊन राह्यली होती. आता सांग, लक्ष ठेव म्हणला ना, ठेवलं.

वहिनीला नमस्कार. लहानथोरांस जसं पोचेल तसं.

तुझी,
दैवशाला

ता. क. सतराला येऊ नको, दाराला कुलूप राहील. बारशाला वहिनीनं पोरीच्या पायात चांदीचे वाळे घातले आन् ही माझी सून म्हणली, मी हो म्हणलं. बाळंतीण होते, डोळ्यावर झोप होती, कोणी काही म्हणलं असतं तरी हो म्हणले असते. ती जबान मला वापस दे. वाळे मी ठेवून घेते, पोरीला आवडतात.

आणखी एक. तुला लिहायच्या आधी सुमितला विचारलं. तो म्हणला, "आत्या, मी तवा तीन वर्षांचा होतो, मला कोणी विचारलंच न्हाई."

एक राह्यलंच. संभाजीनगरची पहिली गाडी पहाटंच निघती आन् आमच्या वस्तीपासून स्टँड चार किलोमीटर. आमची फटफटी कुठल्या काळात हाये ते वर लिहिलंच हाये. सोळाला संध्याकाळी सुमितला तुझी देऊन पाठव. टाकी भरून.