रातपाळीच्या यादीतला एक नंबर

नाना, आज तुमची तिथी होती. आईने गवारीची भाजी केली, शेंगदाण्याचं कूट घालून, तुम्हाला आवडायची तशी. जेवताना दरवर्षी म्हणते तेच ती आजही म्हणाली, "सगळं चांगलं होतं हो त्यांचं, पण त्या गरिबाचं तेवढं विसरले." मी मान खाली घालून पोळी मोडत राहिले. तुम्ही विसरला नव्हतात. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे, आणि आपल्या दोघांतली बोलू शकणारी आता मी एकटीच उरले आहे. बोलता आलं नाही म्हणून लिहायला बसले.

सातपूरच्या त्या कारखान्यात तुम्ही टाइम ऑफिसला होतात. गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताची बुटकी खोली, खिडकीत प्रत्येकाच्या नंबराचे हजेरीचे बिल्ले, आणि भिंतीवर आठवड्याची पाळ्यांची यादी. दीडशेच्या वर माणसं, तीन पाळ्या, आणि कोणी कधी यायचं हे ठरवणारे तुम्ही एकटे. बुधवारी संध्याकाळी तो चौकटींचा भलामोठा कागद तुम्ही घरी आणायचात आणि स्वयंपाकघरात चटईवर पसरायचात, कारण घरात तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पेन्सिल कानावर ठेवून बसला आहात, आणि मी नऊ-दहा वर्षांची, हातात खोडरबर घेऊन तयार. आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यात दिवस. "तू उभं मोज, मी आडवं बघतो," असं तुम्ही म्हणायचात. उभं मोजणं सोपं होतं. प्रत्येक पाळीला प्रेसवर इतकी माणसं, भट्टीवर इतकी, भरली की झालं. आडव्या ओळीत मात्र एकेकाचा अख्खा आठवडा असायचा, आणि त्यातलं निम्मं कागदावर नसायचंच. मखमलाबादकडचे दोघं सकाळी मार्केटला भाजी घालून यायचे, त्यांना दुसरी पाळी. एकाची बायको अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीत, घरात तान्हं पोर, म्हणून त्याला तिच्याबरोबर पहिली द्यायची नाही. सटाण्याकडच्यांना कांदा काढणीच्या दिवसांत सुट्ट्या जोडून. तुम्ही आधी ज्यांना हलवताच येत नाही अशांना बसवायचात, मग थोडे हलणाऱ्यांना, आणि शेवटी बिनलग्नाच्या पोरांनी राहिलेल्या फटी बुजवायच्या. कुठे अडलंच तर दोघांची अदलाबदल, तेवढ्याने नाही भागलं तर तिघांची.

एकदा माझा एक रकाना एका माणसाने कमी येत होता. मी गुपचूप एक नंबर उचलून तिथे लिहिला आणि "जमलं" म्हणून ओरडले. तुम्ही आडवी ओळ पाहिलीत आणि तुमचा चेहराच बदलला. "हा माणूस रात्रभर काम करून सकाळी पुन्हा उभा राहणार. चक्कर येऊन पडला तर तू जाणार आहेस का त्याला उचलायला?" तुम्ही माझ्यावर क्वचितच आवाज चढवायचात. मी रडले, आईने तुम्हाला दोन शब्द सुनावले, आणि तुम्ही तो नंबर खोडून पुन्हा मांडायला बसलात. मला धडा मिळाला असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

पुढे मी इंजिनीयरिंगला गेले आणि तिथे कळलं की माझे वडील चटईवर बसून जे करतात त्याचं एक शास्त्र आहे. काही नियम मोडायचेच नाहीत. काही मोडले तर चालतात, पण प्रत्येक मोडण्याला दंडाचे गुण लावायचे. मग कॉम्प्युटर यादी करतो, दोन नंबर इकडचे तिकडे करतो, दंड कमी झाला तर बदल ठेवतो, नाहीतर सोडून देतो, असं हजारो वेळा. सगळ्यात अडचणीचा माणूस आधी बसवावा, हेही त्यात होतं. मी घरी येऊन म्हणाले, "नाना, तुमचीच पद्धत आहे, फक्त वेगात." तुम्ही इतके खूश झालात की दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या मागे लागून माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी परवानगी आणलीत. तीन महिने मी टाइम ऑफिसात तुमच्या शेजारी स्टूल टाकून बसत होते. तुम्ही नियम सांगायचात, मी लिहून घ्यायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, "माझी पोरगी. आता माझी पेन्सिल सुटणार." अभिमान तुमच्या अंगभर दिसायचा, आणि मला तो फार आवडायचा. खोटं कशाला बोलू?

कामगारांतले एक, ज्यांना मी नामपूरचे काका म्हणायचे, ते तुमच्या यादीत कायम पहिल्या पाळीत. वर्षानुवर्षं एकही रात्र नाही. बाकीचे तुम्हाला टोमणे मारायचे, "काय नाना, जावई हाय का तुमचा?" तुम्ही हसून सोडून द्यायचात. मी सगळ्यांच्या रात्री मोजून तक्ता काढला तेव्हा एवढी एकच ओळ रिकामी निघाली, आणि माझ्या प्रोग्रॅमने तिच्यावर सगळ्यात मोठा दंड लावला. मी विचारलं. तुम्ही उठलात, खोलीचं दार लोटलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "त्याला अंधारात दिसत नाही. रातांधळेपणा आहे. कागदावर आलं तर डॉक्टरी तपासणी लावून घरी बसवतील, पदरात तीन पोरी आहेत. मला माहीत आहे आणि तुझ्या आईला माहीत आहे. आता तुला. त्याला रात्र द्यायची नाही, आणि का ते कुठे लिहायचं नाही." मी "बरं" म्हटलं. हे आज स्पष्ट लिहून ठेवते. मला सांगितलं गेलं होतं.

पण माझ्या अहवालात प्रत्येक नियमापुढे कारणाचा रकाना होता. आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना दाखवायला मला एक स्वच्छ तक्ता हवा होता, सगळ्यांच्या रात्री सारख्या, कोणाचा वशिला नाही, दंड शून्य. काकांचा तो एक नंबर रात्रीतून वगळला की शून्य येत नव्हतं. त्याच आठवड्यात तुम्ही सटाण्याला आत्याच्या मुलीच्या लग्नाला निघालात. साहेबांना पहिली यादी थेट कॉम्प्युटरची लावायची होती. तुम्ही जाताना कोऱ्या कागदावर खाली सही करून माझ्या हातात दिलीत, "यावरच छाप. तू करशील ते बरोबरच असणार." शुक्रवारी दुपारी लग्नघरातून तुमचा फोन आला, मागे सनई, बायकांचा गलका. "त्याचं बघितलंस ना गं?" मी "हो" म्हणाले. यादी तेव्हा छापून माझ्यासमोर पडलेली होती. एकच आठवडा, असं मी स्वतःला समजावलं. तक्त्याचा फोटो निघाला की पुढच्या आठवड्यात काढून टाकू, एका आठवड्याने काय होतंय.

शनिवारी यादी लागली आणि फळ्यासमोर गर्दी झाली. काका मागून पुढे आले, यादीवर बोट ठेवून खालपर्यंत गेले, मग खिडकीशी येऊन वाकले. "बेटी, मन्हा नंबर रातपाळीले कसा काय?" मागे सात-आठ जण उभे होते. कोणीतरी म्हणालं, "लय दिवस सुटला गडी. आता कळंल." मी काकांच्या डोळ्यांत बघितलं नाही. "काका, या वेळी सगळ्यांना सारखं केलंय," एवढंच बोलले. त्यांना कारण सांगता येत नव्हतं आणि मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "नाना कधी येतीन?" "सोमवारी." त्यांनी मान डोलावली, डब्याची पिशवी खांद्याला लावली आणि गेले. नाना, मी तेव्हा पेन्सिलीने एक नंबर बदलला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? माझा तक्ता बिघडला असता. बस, तेवढंच.

तुम्ही सोमवारऐवजी बुधवारी आलात, पाहुण्यांनी ठेवून घेतलं म्हणून. तुम्ही गेटवर पोचलात तेव्हा काका सिव्हिलमध्ये होते. आदल्या रात्री दोन शेडच्या मधल्या वाटेवरचा दिवा गेला होता, आणि मालाचे ट्रक वजन करायच्या काट्याचा खड्डा साफसफाईसाठी उघडा ठेवलेला. दुसऱ्या कोणीही तो चंद्राच्या उजेडात चुकवला असता. काका थेट त्यात पडले, कमरेचं हाड मोडलं, आणि ते परत कधी कारखान्यात आले नाहीत. चौकशीत साहेबांनी यादी पुढे ठेवली. तुम्ही खालची सही पाहिलीत, मग माझ्याकडे पाहिलंत. मी भिंतीला टेकून उभी होते. काकांचं दुखणं तरीही तुम्ही बाहेर काढलं नाहीत, उघडा खड्डा आणि गेलेला दिवा तेवढा लावून धरलात, म्हणून त्यांना भरपाई तरी मिळाली. "त्याला रात्र देणार नाही असा माझा शब्द होता. माझ्याकडून राहिलं," असं म्हणालात. घरी आईलाही तेच सांगितलंत. तिने दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला. मी तुमच्या मागे मोरीपाशी आले आणि काही बोलायच्या आत तुम्ही पाय धूत म्हणालात, "कागदावर सही माझी आहे. विषय संपला. अभ्यास कर." तुम्हाला स्टोअरला बसवलं. यादी पुन्हा तुमच्या हातात आली नाही. तुम्ही नामपूरला काकांना भेटून आलात, मला चल म्हणालात, मी परीक्षेचं निमित्त सांगितलं. प्रोजेक्टला पहिला नंबर आला. तुम्ही पेढे आणलेत आणि त्यातला एक स्वतः खाल्लात, हे मला आजही सहन होत नाही.

आज मी हॉस्पिटलांसाठी हेच काम करते. नर्सेसच्या ड्युट्या, रजा, रात्रीनंतरची सुट्टी. पद्धती खूप पुढे गेल्या आहेत, तुमच्या महिनाभराच्या याद्या मिनिटात निघतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक सोय आहे: इनचार्ज सिस्टर कोणत्याही नावाला कुलूप लावू शकते, म्हणजे ते नाव प्रोग्रॅम हलवत नाही, आणि तिला कारण विचारलं जात नाही. आमच्याकडची तरुण मुलं भांडतात, "मॅडम, याने वशिलेबाजी होईल." होते थोडीफार. मी ती सोय काढू देत नाही. परवा एका मोठ्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी विचारलं, हे कसं सुचलं तुम्हाला? मी म्हणाले, अनुभवातून. तुमचं नाव तिथेही घेतलं नाही.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं होतं की पूर्ण झालं की आईला वाचून दाखवायचं. तुम्हाला पाठवता येणार नाही, पण ती इथेच आहे, पलीकडच्या खोलीत. मघाशी ती दाराशी येऊन उभी राहिली. चष्मा हातात होता. "इतका वेळ काय लिहितेस गं?" मी कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, "हॉस्पिटलची यादी आहे." ती जवळ आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "तू करतेस म्हणून बरं. तुझ्याकडून नाही कोणाचं राहत." आणि झोपायला गेली.

मी हा कागद घडी करून फाइलमध्ये ठेवते आहे. नाना, मला अजून तिची ती मुलगीच राहायचं आहे.