बॉयलरच्या राखेतलं सिलिकॉन

अण्णा, साखर कारखान्याच्या बॉयलरची जी राख तुम्ही आयुष्यभर अंगावर घेऊन घरी आलात, तिच्यातून मी सिलिकॉन काढते. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीत घालायला. बाहेरून येणाऱ्या मालापेक्षा लई स्वस्त. आणि काल ते मोठ्या भट्टीतून निघालं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसले.

बरणीभर करायला आम्हाला केव्हाच जमलं होतं. मोठ्या भट्टीत मात्र दोनदा नाक कापलं गेलं. धुऊन पांढरी केलेली राख आणि मॅग्नेशियमची पूड एकदम भरली की आतून अशी उष्णता उसळायची, की सगळ्याचा दगड व्हायचा. बॅटरीला तर बारीक पूड लागते. तिसऱ्यांदा फसलं असतं तर मालक प्लांटला कुलूप लावणार होते, आणि माझ्या भरवशावर आपापल्या नोकऱ्या सोडून आलेली अकरा माणसं घरी बसणार होती. झोप उडाली होती माझी.

एका दुपारी मी ते दगड फोडत होते आणि मोडनिंबची आपली न्हाणी आठवली. मी आठवीत. पाणी लवकर तापावं म्हणून बंबात पाटीभर चिपाड कोंबलंय. आधी नुसता धूर, मग भडका, आणि माझ्या भुवया गेल्यात. तुम्ही पाळीवरून येताय, माझं तोंड बघून आधी हसताय, मग झापताय. "जाळाला घास भरवायचा असतोय की गं. पाटी कशाला कोंबतीस? आदी गुदमरतंय, मग खवळतंय. पयला घास गिळला का बगायचं, मगच दुसरा."

मी भट्टीचं तोंडच बदलून घेतलं. मूठभर माल आत, तो शांत झाला की पुढची मूठ. "मॅडम, असं लई वेळ खाणार हे," फोरमन कुरकुरला. खाऊ दे म्हटलं. काल झाकण उघडलं तर जुन्या गुळाच्या रंगाची पूड, एक खडा नाही. तोच फोरमन म्हणाला, "जमलं की वो मॅडम." मी सगळ्यांदेखत रडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी मालक पेढे घेऊन आले. ही युक्ती कुठं शिकलात, त्यांनी विचारलं. मी पुण्याच्या कॉलेजचं नाव सांगितलं. हॉस्टेलवर असताना, वडील कारखान्यात साहेब आहेत, असं मी सांगत असे. तेव्हा मला लाज वाटायची. काल लाज नव्हती अण्णा, तरी तुमचं नाव तोंडातून निघालं नाही.