किटच्या बॅगेतली रजई

ता. ४, मुक्काम : शाळेचा एक वर्ग

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी आणि माझ्या सोळा मुली हॉकी स्पर्धेच्या गावी सुखरूप पोचलो. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू बोलत नाहीस, ओरडतोस, आणि तुझा निरोप माझ्याआधी मागे उभ्या असलेल्या मुलींना कळतो. आपल्या गल्लीतले ड्रायव्हरकाका रोज सकाळी इकडे बस आणतात आणि संध्याकाळी परत नेतात. त्यांच्या हाती पत्र देत जाईन, तूही देत जा. कागदावर तुझा आवाज सोसतो.

राहायला वर्ग दिला आहे. बाकं एका बाजूला रचून मुलींनी गाद्या घातल्या. फळ्यावर कुणाचीतरी अपूर्णांकांची गणितं आहेत, ती पुसायला कुणी तयार नाही आणि सोडवायला त्याहून नाही.

आता मुख्य बातमी. बसून वाच. म्हणजे पंखा पुसायला चढून पाय मोडून घेतल्यापासून तू बसूनच आहेस. सामन्याआधी गोलकीपरच्या किटची मोठी बॅग उघडली, तर आत एक रजई आणि दोन उशा. पॅड नाहीत, हेल्मेट नाही, हातमोजे नाहीत. शेजारच्या टीमकडे किट मागितलं, तर त्यांच्या कोचबाईंनी असं पाहिलं, जणू मी त्यांची कवळी मागतेय.

शेवटी पंचांना विचारलं. गोलकीपर न ठेवता अकराही जणी मैदानात खेळवता येतात, फक्त असं शहाणं माणूस करत नाही. आम्ही केलं. तुझ्या लेकीला उजव्या बाजूला पुढे पाठवलं आणि घराचं दार उघडं टाकून सगळे बाजारात गेलो. चार गोल खाल्ले, पाच केले. त्यातले दोन तिचे. तू तिला कौतुकाने भिंत म्हणतोस ना, ती भिंत पळते दादा, आणि झकास पळते.

किटचा शोध लाव. आणि उशा कुणाच्या ते वहिनीला विचार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

—

ता. ५, घरून

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून माझ्या चांगल्या पायालाही कळ आली. बिनागोलकीपरचा सामना! पंधरा वर्षं मी गोलात उभा राहिलो, ते काय उगीच? तुला कोच कुणी केलं, आणि केलं तेव्हा मी कुठे होतो?

किट सापडलं. गच्चीत दोरीवर वाळत होतं. तुझी वहिनी म्हणते, त्याच्या वासाने शेजारच्या बाई खिडकी लावून घेतात, म्हणून धुतलं. आणि रिकामी बॅग बरी दिसत नाही, म्हणून रजई भरली. यावर मी काय बोलणार? बोललो बरंच, पण ऐकायला ती थांबली नाही.

सगळं किट आज ड्रायव्हरकाकांबरोबर पाठवतो आहे. त्यांना पुढच्या सीटवर ठेवायला सांगितलंय. उद्या भिंत गोलात पाहिजे. पेनल्टी कॉर्नरला तिने अर्धं पाऊल पुढे उभं राहायचं, आणि नजर चेंडूवर, समोरच्या पोरीच्या चेहऱ्यावर नाही. एवढं तिला सांग. तू मध्ये तुझी अक्कल घालू नकोस.

तुझ्यावर जीव आहे, पण तो असा टांगणीला लावू नकोस.

दादा

—

ता. ५, स्वयंपाकघरातून

प्रिय वन्सं,
स. न.

तुमच्या दादांच्या पत्राला माझी ही घडी चिकटवून देते आहे. ड्रायव्हरभाऊंना सांगितलंय, वेगळी काढून तुमच्याच हातात द्या.

किट घाण होतं हे खरं. पण ते गेल्या वर्षीही घाण होतं आणि मी नाक दाबून गप्प होते. खरं कारण वेगळं. तीन महिने पोर माझ्यामागे लागली होती, आई, मला गोलात नाही उभं राहायचं, मला पळायचंय. बाबांना तू सांग म्हणायची. मी म्हणायची, तू सांग. अशा आम्ही दोघी शूर. निघायच्या आदल्या दिवशी ती पॅडकडे असं बघत बसली की माझ्याने राहवेना. किट टबात बुडवलं आणि बॅगेत रजई कोंबली. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

करायला गेले हे, आणि आता किट धुऊन, वाळून, बसमध्ये बसून तुमच्याकडे येतंय. पुढचं तुम्ही ठरवा. तुम्ही तिची कोच आहात आणि आत्याही आहात, मी नुसती आई. मात्र ठरवाल ते माझ्या नावावर खपवू नका, मला याच घरात राहायचंय.

रजई आणा परत, चांगली आहे. आठवण ठेवा.

तुमची वहिनी

—

ता. ७, मुक्काम : तोच वर्ग

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन दिवस उत्तर धाडलं नाही, सामन्याची धावपळ होती. किट मिळालं. साबणाचा इतका वास येतोय की मुलींनी आधी ओळखलंच नाही. कालचा सामना जिंकलो, आज उपांत्य सामनाही जिंकलो. उद्या अंतिम. दोन सामन्यांत मिळून तीनच गोल आत गेले. तुझी अर्ध्या पावलाची सूचना गोलकीपरला शब्दशः सांगितली, तिने मन लावून ऐकली. किट अगदी छान बसलं, पॅड पायाला जरा आखूड पडतात इतकंच.

तुझी लेक मजेत आहे. दोन वेळा जेवते आणि तिसऱ्यांदा माझ्या ताटातलं खाते.

पाय हलवू नकोस. उंटावरून शेळ्या हाकायला पाय लागत नाहीत. लोभ आहे तेवढा राहू दे, मग पुढचं पुढे.

तुझी धाकटी

—

ता. ८, घरून

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुला खोटं बोलायला लहानपणीही जमलं नाही. ते पॅड माझ्या लेकीच्या मांड्यांपर्यंत येतात. आखूड पडायला ती एका दिवसात ताडमाड वाढली का? गोलात तुमची ती उंच पोर आहे, जिला सगळ्या शिडी म्हणतात. तुझ्या वहिनीला विचारलं, तर ती घासलेलीच कढई पुन्हा घासायला लागली. मी काय ते समजलो.

रात्रभर चिडलो होतो. कुणाशी बोललो नाही, आणि कुणाला त्याचं दुःख झालेलं दिसलं नाही. मग शांत झालो. तुला म्हणून सांगतो. मला गोलकीपरच हवी होती असं काही नाही. ही मुलगी घरात माझ्याशी हं आणि हो यापलीकडे बोलत नाही. वयच तसं आहे, तुझी वहिनी म्हणते. पण सामन्याला मी जाळीमागे खुर्ची टाकतो, मध्यंतरानंतर उचलून दुसऱ्या गोलामागे नेतो, ते तुम्हाला वाटतं सूचना द्यायला. अगं, चेंडू तिकडच्या टोकाला गेला की ती माझ्याकडे पाठ करून बोलत असते. शाळेतलं, मैत्रिणींचं, कोण रुसलं, कोण पडलं. गणितात नापास झाली तेही तिने मला गोलातूनच सांगितलं होतं. आता ती पळत सुटल्यावर मी कुठे बसू? मैदानाच्या कडेने लंगडत तिच्यामागे धावू?

असो. आज अंतिम सामना आहे ना? तिला हवं तिथे खेळव. आणि हे तिला सांगू नकोस, मला फार वाईट वाटेल.

सगळ्या मुलींना आशीर्वाद. शिडीला म्हणावं, अर्धं पाऊल.

दादा

—

ता. ८, संध्याकाळ

ती. बाबांस,
शि. सा. न.

आत्याने तुमचं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं, सांगू नकोस लिहिलं होतं तेही. म्हणाली, या घरात एक आईच गुपित ठेवू शकते, आणि तीसुद्धा दोन दिवसच.

आम्ही हरलो. तीन-दोन. एक गोल मी केला, एक चुकवला, अगदी समोरून. शिडी छान खेळली. शेवटी ती रडली, मग तिला हसवायला आत्याने फळ्यावरचं एक गणित सोडवलं, तेही चुकलं.

बाबा, तुम्ही रागावाल म्हणून मी सांगितलं नाही. तुम्हाला असं काही वाटत असेल हे मला खरंच सुचलं नव्हतं. मला वाटायचं तुम्ही खेळ बघताय, मी आपली बडबडतेय. तुमचा चेहरा दिसत नव्हता ना, म्हणून बोलता यायचं. समोर बसलात की तुम्ही काळजीचा चेहरा करता, मग माझं हं आणि हो सुरू होतं.

मला पुढेच खेळायचंय. ते ठरलं. पण रोज संध्याकाळी मी गॅलरीत रेलिंगकडे तोंड करून स्टिकच्या मुठीला पट्टी गुंडाळत बसेन. तुम्ही माझ्या मागे येऊन बसायचं. पुढे यायचं नाही आणि मध्ये सूचना द्यायच्या नाहीत. तो समोरून गोल कसा चुकला, ते मी अजून आत्यालासुद्धा खरं सांगितलेलं नाही.

उद्या दुपारी पोचतो. तोपर्यंत माझ्यावर रागवायचं राहिलं असेल तर आईवर रागावून घ्या, तिला सवय आहे.

तुमची,
(भिंत म्हणू नका, पण म्हणालात तर चिडणारही नाही)