तासाला पंचवीस

२१ जुलै, करडी

गोंदियातलं ए.सी. बसवायचं काम सोडलं. दोन महिने पुरे झाले. मावशीकडं आलो. वाढवलं तिनंच, त्यामुळं परत यायचं ठिकाण हेच. तिची पोरगी, बेबीताई, धान लावायला रोवण्यावर गेलेली. मावशी दिवसा आडवी! हे मी पहिल्यांदा पाहिलं. चार दिवसांमागं धानाच्या बांधीत पायाला काच लागली, हळद भरून चिंधी बांधली अन् परत चिखलात उतरली.

"ताप होता, गोळी घेतली, उतरला," म्हणे. कपाळ खरंच थंड. बरं वाटलं. पण हातही थंड, अन् श्वास असा की जशी आत्ताच पळत आली. ताप नाही मग धाप कायची? विचार करत अंगणात गेलो, तिथं शेजाऱ्याची मोटर बिघडलेली, ती उघडून बसलो. दोन तास गेले.

संध्याकाळी मावशी मले "पांडू" म्हणाली. पांडूमामा मी जन्मायच्या आधी गेला.

२२ जुलै, भंडारा

सकाळीच गाडी करून दवाखान्यात. डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असतील. बी.पी. ७०/४०. मी म्हटलं, ताप उतरला जी. त्या म्हणाल्या, "हातपाय थंड, बोलणं असंबद्ध. हा उतरलेला ताप नाही." कालपासून लघवी किती वेळा झाली, विचारलं. ताईनं माझ्याकडं पाहिलं, मी ताईकडं. कोण मोजते?

मग जे चाललं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. चार माणसं, कुणी ओरडत नाही. सिस्टर (लाखांदूरच्या, वयानं मोठ्या) यांनी आधी दोन बाटल्यांत रक्त घेतलं, मग अँटिबायोटिक. काहून आधी? "औषध गेल्यावर जंतू सापडत नाही. आधी पंचनामा, मग मार." सलाईन धो धो. तरी बी.पी. वर येईना, तर एका छोट्या पंपातून थेंब थेंब दुसरं औषध. नख दाबून सोडायचं, गुलाबी व्हायला किती वेळ लागते ते मोजायचं. मावशीचं सहा सेकंद. माझं दोन. चहावाल्याचंही दाबलं, दोन. तो म्हणे, "काय बे, पागल झाला का?"

आजार काय, विचारलं. मॅडमनी याच वहीत लिहून दिलं: सेप्सिस. जखमेतला जंतू रक्तात, अन् त्याच्याशी भांडता भांडता अंग आपलंच घर मोडून राहिलं. पहिला तास महत्त्वाचा असते म्हणे. मी काल मोटरीत दोन तास... असो.

२३ जुलै

बी.पी. धरून आहे, पंपावर. आता किडनी. दोन्ही झोपल्यात, म्हणाल्या मॅडम. जाग्या झाल्या तर ठीक, नाही तर नागपूर, डायलिसिस. कळायचा रस्ता एकच: लघवी. मावशीचं वजन पन्नास, म्हणजे तासाला पंचवीस मिली तरी पाहिजे.

अकरा वाजता करडीचे लोक आले. जीपभर. बारा जण. आत दोघा दोघांना सोडणार होते. मी पाहिलं, मावशीच्या पलंगाला लघवीची पिशवी लोंबून राहिली. मावशी म्हणजे पाहुणा यायच्या आधी आंगण दोनदा झाडणारी. तिची पिशवी सरपंचानं पाहावी? सोडली नळी, पिशवी संडासात ओतली, धुऊन परत लावली. चादर सारखी केली. छान दिसली.

साडेअकराला मॅडम.

"पिशवी रिकामी कशी?"

"मीच ओतली जी. पाहुणे येऊन राहिले होते."

"किती होती?"

"थोडी."

"थोडी म्हणजे? चाळीस? शंभर?"

सांगता आलं नाही. पिवळी होती, एवढं आठवते. सकाळपासूनच्या चार तासांत शंभर असती तर थांबायचं होतं, चाळीस असती तर आत्ताच गाडी. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पंपावर असताना रस्त्यात बी.पी. पडली तर, म्हणून उगाच नेणंही वाईट, अन् उगाच थांबणंही. "परत शून्यापासून मोजू," म्हणाल्या.

ताई बाहेर बोलली, "साऱ्या दुनियेत फिरून आला, अन् अक्कल कुठं ठेवून आला?" त्यानंतर बोललीच नाही.

२४ जुलै

सिस्टरनं पिशवीच्या वर रेघांचा चौकोनी डबा लावला. "आता तूच लिही. दर तासाले. तेवढं तरी जमते ना?"

८ - सात.
९ - नऊ.
१० - नऊ.
११ - बारा. (डबा तिरपा होता. सरळ करून पाहिलं, अकरा.)

कुठंच गेलो नाही. पितळी भांड्यांची आळी पाहायची होती, इथं ठोकतात म्हणे, राहू दे. लॅक्टेट नावाचा एक आकडा सहावरून तीनवर आला. अंगाला प्राणवायू पोचून राहिला याची ती खूण. मग किडनीले काहून पोचत नाही? सिस्टर: "पोचते, पण रुसली आहे." मॅडम: "तिला मार बसलाय, वेळ लागेल." दोघींचं म्हणणं एकच असावं.

पंपाचं औषध चारवर होतं, दुपारी कमी करून अडीचवर आणलं. बी.पी. राहिली.

ताईनं जेवणाचा डबा दिला. पोळी, वांगं. बोलली नाही, पण मिरची वेगळी बांधली होती.

२५ जुलै

मॅडमनी स्पष्ट सांगितलं. चारपर्यंत पंचवीस गाठली तर इथंच. नाही तर नागपूर. गाडी सांगून ठेवली आहे. ताई कागद गोळा करून राहिली.

१ - चौदा.
२ - सतरा.
३ - एकोणीस.

साडेतीनला मावशीनं डोळे उघडले. मले ओळखलं, नावानं. मी गुडघ्यावर बसून डोळा रेघेला लावला होता.

"काय पाहून राहिला तिथं?"

"तुझी लघवी."

"लाज नाही वाटत? ओतून ये."

"नाही ओतत."

"कोणी आलं म्हणजे?"

"येऊ दे."

तिनं ताईकडं पाहिलं. ताई म्हणे, "पाहू दे त्याले, आई. दोन दिवसांपासून हेच करून राहिला."

४ - बावीस.

मॅडमना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं, मग वहीतले कालपासूनचे सगळे आकडे वरून खाली वाचले, बोट लावून. ड्रायव्हर दारात उभा. "पंचवीस नाही," मी म्हटलं. फुगवून सांगावं असं एकदा वाटलं होतं. मॅडमनी घड्याळ पाहिलं, ड्रायव्हरला म्हणाल्या, "चहा पिऊन या."

५ -