घमेल्याचं वजन

तंजावूर,
१२ मार्च १९९५

प्रिय अक्का, नमस्कार.

दोन महिने पत्र लिहिलं नाही, माफ कर. तब्येत ठीक आहे. इडली आता मानवते. तुझी पाठ कशी आहे?

इथे बांधकामं इतकी वाढलीत की गवंडी मिळत नाहीत. त्यामुळे त्यांची मजुरी दीडपट झाली. घमेली वाहणाऱ्या बायकांची मात्र जुनीच राहिली, कारण मालकांना मीच म्हणालो, "बायका कुठे मागतात?"

काल स्लॅब टाकताना राजम सगळ्यांसमोर म्हणाली, "सार, गवंड्याचा दर चढला, आमचं घमेलं हलकं झालं काय?" बायका हसल्या. मी हजेरीवहीत डोकं खुपसलं.

अक्का, घमेली वाहूनच तू मला शिकवलंस.

तुझा,
दिगंबर

उद्याचं काम तुलाच कळवतो, म्हणजे टाळता येणार नाही: मालकांकडे बायकांची मजुरी वाढवून मागणे.