चौथी रेषा

अण्णा, आज मी पुन्हा भांडले, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. बनशंकरीच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथल्या एका मुलीने हायड्रोजनच्या प्रकाशाच्या प्रयोगात तीनच रेषा कोनासकट नोंदवल्या, लाल, हिरवट निळी आणि निळी, आणि चौथ्या जांभळ्या रेषेसमोर ‘दिसली नाही’ असं लिहून वही पुढे केली. विभागप्रमुख म्हणाले, पुस्तकात चार आहेत, तिला चौथीचा कोन भरायला सांगा. मी त्यांच्यादेखत तिच्या वहीवर सही केली. तुम्ही असता तर तुमच्या कपाळावर आठ्या पडल्या असत्या. पडू देत.

तुम्हीच तर शिकवलं होतंत. स्वयंपाकघरात कडाप्प्याच्या ओट्यावर तुम्ही खडूने आडव्या रेघा ओढताय, आई पोळ्या लाटायला जागा मागतेय, आणि तुम्ही तिला ‘स्वल्प थांब गं’ म्हणून माझ्याकडे वळताय. ‘हे बघ, डबा या फळीवर राहतो, नाहीतर त्या फळीवर. दोन फळ्यांच्या मधे राहतो काय? इलेक्ट्रॉनचं पण तसंच.’ वरून खालच्या दुसऱ्या फळीवर उतरताना त्याची जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश बाहेर पडतो. तिसरीवरून उतरला तर लाल, सहावीवरून उतरला तर जांभळा, आणि दोन रेषांच्या मधले रंग नाहीतच. इतका नेमका माणूस प्रयोगशाळेत गेला की असा कसा वागायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

मी शिकत होते त्या कॉलेजात तुम्ही डेमॉन्स्ट्रेटर होतात आणि मी तुमच्याच बॅचमध्ये. जांभळी रेषा इतकी फिकी असायची की निम्म्या वर्गाला ती दिसायचीच नाही. सगळे मागच्या वर्षीच्या वहीतून तिचा कोन उतरवून घ्यायचे आणि तुम्ही ते कळूनही सही करायचात. मी उतरवला नाही. तेव्हा तुम्ही उठलात, अंगातला कोट काढून उजेड अडवायला खिडकीवर धरलात आणि म्हणालात, ‘सरी, ठीक आहे, आता स्वल्प डोळे मिटून घे, मग बघ.’ मी उपकरणाच्या दुर्बिणीला डोळा लावला. सगळे हातातलं काम सोडून आपल्याकडे वळले होते.

‘दिसली?’

‘नाही.’

‘मग सगळ्यांसारखा कोन उतरव आणि मोकळी हो.’

‘जे दिसलं नाही ते मी लिहिणार नाही.’

तुम्ही माझी वही मिटून बाजूला ठेवलीत. सही नाही म्हणून मला परीक्षेला बसता आलं नाही आणि माझं वर्ष गेलं.

ते वर्ष मी चिकपेटला साड्यांच्या दुकानात घड्या घालण्यात काढलं. आईला दुकानाचा जिना चढवत नसे म्हणून दुपारी तुम्हीच डबा घेऊन यायचात, आणि मी जेवेपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून राहायचात. आपण बोलत नव्हतो. एकदा मात्र तुम्ही रस्त्याकडे बघत म्हणालात, ‘नसेलच दिसली तुला. मीच उगीच ताणलं.’ मी भात कालवत राहिले, मान वर केली नाही. पुढच्याच महिन्यात तुम्ही गेलात.

तरी सांगते, चूक तुमचीच होती. न दिसलेलं लिहायला लावणं चूकच, आणि हे मी आजही तुमच्या तोंडावर म्हणेन. इतकी वर्षं शिकवतेय, माझ्या प्रयोगशाळेत एकानेही कोन उतरवलेला नाही. त्यासाठी मी किती जणांशी वाकडं घेतलं, त्याची मला फिकीर नाही. आज सही केल्यावर त्या मुलीला मी आपली गोष्ट सांगितली, आणि ती माझ्याकडे इतक्या आदराने बघत राहिली की मला तिथे उभं राहवेना. घरी येऊन हे लिहायला बसले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय.

तुम्ही कोट धरलात तेव्हा डाव्या बाजूला एक रेषा होती, अण्णा. केसाएवढी, जांभळी. मी ती नीट पाहिली. पण सगळा वर्ग ऐकत होता, आणि मला तुमच्यापुढे हरायचं नव्हतं.