शरबताची बाटली

पांढुर्णा,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपाली,

सप्रेम जयभीम. तू जेवत नाहीस, असं प्रवीण सांगतो. आई उपाशी राहिल्याने लेकरू बरं होत नसतं. त्याच्या हाती डबा पाठवते आहे, संपव. हे पत्रही त्याच्याच हाती. फोनवर मला बोलता आलं नसतं.

घर धुऊन काढलं. मोरीतल्या सगळ्या बाटल्या फेकल्या. आता फेकून काय!

सुमेधची अन्ननळी आतून जळून आवळली, पोटाला भोक पाडून नळीनेच दूध द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं ना? किती वर्षं, तेही सांगत नाहीत. प्रवीणला वाटतं, मुंबईला नेलं की होईल. मला वाटत नाही. तुला खोटा धीर देणार नाही. काल फोनवर ते तीन वर्षांचं पोर "आजी, पानी दे" म्हणालं आणि तू फोन त्याच्यापासून बाजूला घेतलास. बरं केलंस.

आपल्या कामवाल्या वंदनाचं सांगायचं आहे. संडास धुवायचं अ‍ॅसिड तिनेच शरबताच्या बाटलीत भरून ठेवलं, असं मी तुम्हाला सांगितलं. त्याच दिवशी ती रडत आली होती. "बाई, मी त्या बाटलीले हातच नाही लावला. लेकराचं असं काऊन करीन मी?"

मी म्हटलं, "मग काय मी भरली?"

गल्लीतल्या चारही घरांनी तिला कामावरून काढलं.

दीपाली, मीच भरली. सुटं अ‍ॅसिड विकणारा गाडीवाला आला, "बाटली आना" म्हणाला. संत्र्याच्या शरबताची रिकामी झालेली पुढे केली. दरवर्षी तेच करते. रंगही तसाच पिवळा. तेवढ्यात फोन वाजला, म्हणून ओट्याखाली ठेवली आणि विसरले. मी बी.एस्सी. झालेली बाई! शाळेच्या प्रयोगशाळेत चिठ्ठी नसलेली बाटली दिसली, तर पोरांना तासभर उभं करायची.

आज वंदनाच्या घरी जाऊन सांगितलं. भांडली असती तर बरं होतं.

"आता सांगून काय करता बाई? लेकराचा गळा वापस येते का?" एवढं बोलून तिने दार लावलं.

प्रवीणला अजून माहीत नाही. तुझं वाचून झालं की त्याला दे. मी नागपूरला येत नाही. सुमेध विचारेल, तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव.

सासू असूनही आजवर खाली 'तुझी आई' लिहीत आले.

मालती